सरोजताईंनी बदलायला लावलेला बाक

आईने मला सरोजताई साळवे यांच्याकडे नेले तेव्हा मी दहावीत होते. वर्गात सगळ्यांत उंच. मुले 'जिराफ' म्हणत, म्हणून मान खाली घालून, खांदे पुढे ओढून चालायची सवय लागली होती. संध्याकाळी मान आणि पाठ इतकी दुखे की अभ्यासाला बसवत नसे. राजधानीतल्या द्वारका भागात आमच्या सोसायटीजवळच ताईंचे फिजिओथेरपीचे छोटे क्लिनिक होते.

"सारखी सांगते, सरळ बस म्हणून. बिल्कुल ऐकत नाही," आई म्हणाली.

ताईंनी मला तपासले आणि विचारले, "अच्छा, शाळेत कशी बसतेस? दाखव बरं."

मी दाखवले. गुडघे बाकाखाली मावत नसत, म्हणून पाय बाजूला काढलेले, कंबर पिळलेली आणि मान वहीवर झुकलेली.

"अहो, ही सरळ बसणार कशी?" ताई आईला म्हणाल्या. "तो बाकच तिला बसू देत नाही."

त्याच आठवड्यात क्लिनिक बंद ठेवून ताई माझ्या शाळेत आल्या. एका मुलीसाठी वेगळे टेबल देता येणार नाही, असे मुख्याध्यापक म्हणाले. ताईंनी त्यांना वर्गात नेले. "सर, आप ज़रा यहाँ बैठकर देखिए." ते स्वतः चांगले उंच होते. बसले, आणि गुडघे चोळत उठले. पुढच्या सोमवारी मला उंच टेबल-खुर्ची मिळाली.

मग व्यायाम सुरू झाले. हनुवटी किंचित आत, खांदे सैल, श्वास मोकळा. "सैनिकासारखं ताठ नको गं," ताई म्हणत, "अंग आखडेल. आरामात उभी राहा." दुखणे हळूहळू गेले. त्या दिवाळीच्या फोटोत मी पहिल्यांदाच खांदे न पाडता उभी आहे. आईने तो नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मी याच क्षेत्रात आले ते ताईंमुळे, आणि आज त्यांच्याच क्लिनिकमध्ये काम करते. दिवसभर संगणकापुढे बसणारे सरकारी अधिकारी येतात, नातवंडे उचलून कंबर धरलेल्या आज्या येतात. ताई कुणालाही रागावत नाहीत. आधी त्यांची खुर्ची, उशी, स्वयंपाकाचा ओटा कसा आहे ते विचारतात.

दोन वर्षांपूर्वी ताई घसरून पडल्या आणि त्यांच्या मणक्याला इजा झाली. चालताना त्या पुढे वाकू लागल्या. क्लिनिकमध्ये येणे त्यांनी थांबवले. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "आता कुठल्या तोंडाने लोकांना शिकवू?"

"ताई, शिकवू नका," मी म्हटले. "पेशंट म्हणून या."

आणि त्या खरेच आल्या. भरल्या क्लिनिकमध्ये काठी टेकत माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "चलो, सांग. मी ऐकते." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला. वर्षभर त्या माझ्याकडे येऊन व्यायाम करत राहिल्या. आता त्या पुन्हा पेशंट तपासतात; काठी फक्त बाहेर जाताना लागते.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांनी मला वेदनेतून सोडवले, माझ्या उंचीची लाज घालवली, आणि शिकवणाऱ्यानेही शिकायचे असते हे स्वतः करून दाखवले. ताई, तुमची पाठ दुखू नये, झोप गाढ लागावी, आणि खूप खूप वर्षे रोज सकाळी क्लिनिकचे दार तुम्हीच उघडावे, एवढेच मनापासून मागते.