टीचरची शेवरी

उन्हाशी वैयक्तिक भांडण असलेला माणूस जगात एकच असावा आणि तोच वसईत माझा घरमालक व्हावा, हे माझं भाग्य. नालासोपाऱ्याचा फ्लॅट सोडून मी त्यांच्या वाडीतल्या दोन खोल्यांत राहायला आले, तेव्हा या सत्तरीच्या गृहस्थांनी नाव-गावही विचारलं नाही. माझ्याभोवती एक चक्कर मारून मान तेवढी पाहिली आणि म्हणाले, "टीचर, कोवळं पान हाय. करपणार." अंकलची पानवेलीची वाडी. जन्म नाजूक वेलींवर सावली धरण्यात गेलेला, त्यामुळे माणसांनाही ते त्याच मापाने मोजत. पोस्टमन आला की आधी त्याची मान तपासणार, मग पत्र घेणार. गावातल्या एका लग्नात फोटोवाल्याने नवरानवरीला भर दुपारी चर्चच्या पायऱ्यांवर उभं केलं, तर अंकल सुटाबुटात नारळाची झावळी घेऊन हजर. त्या अल्बममध्ये नवरीपेक्षा झावळीच जास्त दिसते. छत्रीवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ती "वरून झाकते, खालून भाजते." माझी सनस्क्रीनची ट्यूब तर त्यांनी हुंगून परत केली. "ह्याने पान जगेल काय?" गंमत म्हणजे स्वतः कधी टोपी घातली नाही. मान जुन्या कौलासारखी तडकलेली. विचारलं की म्हणत, "हे जून पान. ह्याला काय होतंय?"

मी हसायचे. दुसऱ्या वर्षी मात्र हसू मावळलं. एका दुखण्यासाठी मला गोळ्या सुरू झाल्या आणि त्या गोळ्यांमुळे कातडीला ऊन सोसेना. शाळा दुपारची, बाराची. जायची वाट म्हणजे वाड्यांच्या कुंपणांमधली पायवाट. तिथे रिक्षा शिरत नाही आणि झाड तर औषधालाही नाही. क्रीम झालं, ओढणी झाली, छत्री झाली, तरी आठवड्याभरात गालांवर फोड उठले. घरात कमावणारी मी एकटी. तरीही फेब्रुवारीत एका संध्याकाळी नोकरी सोडायचा अर्ज लिहिला आणि त्यावर डोकं ठेवून रडले. मासे द्यायला आलेल्या आंटींनी, म्हणजे अंकलच्या बायकोने, तो पाहिला. म्हणजे अर्थातच अंकलना कळला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला अंकल दारात उभे, हातात झावळी. "चला टीचर." त्या दिवसापासून ते उन्हाच्या अंगाने चालत, झावळी माझ्यावर तिरपी धरून, थेट शाळेच्या फाटकापर्यंत. "टीचरची वरात आली!" म्हणून मुलं ओरडत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"अंकल, लोक हसतात हो."

"हसू दे. हसल्याने करपत नाय."

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी त्या पायवाटेच्या कडेने शेवरी पेरली. पानवेलीला आधार आणि सावली द्यायला लावतात ते हे झाड, भराभर वाढणारं. शेजारचे वाडीवाले चेष्टेने विचारत, "शेवरी लावलीस, वेल कुठाय?" अंकल माझ्याकडे बोट दाखवत. ऑक्टोबरच्या तलखीत शेवरी माझ्या डोक्यावर गेली होती. अर्ज मी फाडून टाकला.

गोळ्या पुढे दोन वर्षांनी थांबल्या. मी ते अंकलना सांगितलंही. तरी दर जूनमध्ये शेवरी पेरली जायचीच, आणि मीही कधी नको म्हटलं नाही. त्यांच्या उपकारांतून उतराई व्हायची मला इच्छाही नाही.

यंदा अंकलना वाडीत जाणं झेपत नाही, ओटीवरच्या खाटेवर पडून असतात. शेवरी मी पेरली, ओळ वाकडी आली. परवा त्यांच्याशी बोलत बसले होते. बोलता बोलता त्यांचा डोळा लागला आणि पश्चिमेचं ऊन सरकत सरकत त्यांच्या मानेवर आलं. मी खुर्ची उचलून मध्ये ठेवली आणि उन्हाकडे पाठ करून बसले. डोळे न उघडताच ते पुटपुटले, "टीचर, सरका. पाठ करपेल."

"जून पान झालंय आता, अंकल," मी म्हटलं, आणि ऊन उतरेपर्यंत तिथून उठले नाही.