टोबेनला शिव्या घालणारी शिवम्माक्का

शिवम्माक्काची आणि माझी ओळख भिंतीपलीकडून झाली. मंगळवार पेठेत आमच्या घराला लागून एक दुमजली घर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर सौंदर्या मगदूम भाड्यानं राहायला आली आणि महिन्याभरात तिनं कबनूरहून आपल्या आईलाही आणलं. पुढच्याच शनिवारी सकाळी मी पेपर तपासत बसलो होतो, तर पलीकडून खणखणीत आवाज आला.

"आरं पळ की मुडद्या! मागनं इमान आलंय न्हवं!"

मी दचकून खिडकीत गेलो. रस्त्यावर कुणीच पळत नव्हतं. एक गाय तेवढी रवंथ करत उभी होती. मग पलीकडून मोठा स्फोट झाला, त्यामागून ओळखीचं संगीत वाजलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई 'नौ चाँद' बघत होती.

'नौ चाँद' ही परदेशातली मालिका, हिंदीत डब होऊन येते. नऊ चंद्रांवर एका बादशहाची सत्ता असते, चंद्रांच्या पोटात खाणी, खाणींत राबणारे मजूर, आणि एक दिवस ते मजूर बंड करतात. दर शुक्रवारी नवा भाग. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं अंतराळात हवाच नसताना त्या विमानांचा एवढा आवाज कसा होतो, या विचारानं मला दर वेळी त्रास व्हायचा. तरी बघायचं काही सुटत नव्हतं. असे आणखी येडे कोल्हापुरात निघाले, व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला, आणि दर रविवारी सकाळी यशराजच्या कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये आम्ही तीस-पस्तीस जण जमून शुक्रवारचा भाग पुन्हा मोठ्या पडद्यावर बघायचो आणि भांडायचो.

मी त्याच दिवशी पलीकडं जाऊन माय-लेकींना ग्रुपचं आमंत्रण दिलं. पहिला आठवडा मी "अहो अक्का" म्हणत होतो. दुसऱ्या आठवड्यात तिनं दम भरला, "अहोजाहो करू नगंस बाबा. मला उगंच पावणी म्हणून आल्यागत वाटतंय." तेव्हापासून आमचं अरे-तुरे.

अक्का त्रेसष्ट वर्षांची. कबनूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तिनं कांड्या भरल्या. कांडी म्हणजे कापड विणायच्या मागाच्या धोट्यात बसते ती. तिच्यावर सूत गुंडाळायचं काम बायका करतात. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका एकमेकींच्या ओठांकडं बघून बोलणं ओळखतात. त्या खडखडाटानं अक्काचे कान निम्मे गेले, आवाज मात्र दुप्पट झाला. मालिका बघताना तिची एकच तक्रार असायची.

"ह्यांची तोंडं एक बोलत्यात आनि आवाज दुसराच येतोय. फशिवत्यात की आपल्याला."

म्हणून ती आवाजाचा नाद सोडून नुसते चेहरे बघायची. त्यामुळं तिला भलतंच काहीतरी दिसायचं. ग्रुपवर तिला टाइप करायला जमत नव्हतं, ती बोलून पाठवायची. बंडखोरांनी दिवसभर लढाई केली त्या भागावर यशराजनं साम्राज्यशाहीबद्दल लांबलचक लिहिलं. त्याच्या खाली अक्काचा निरोप आला.

"सकाळधरनं लढाया लागल्यात. कुणी भाकरी खाल्ली काय? संप म्हंजे आधी चुलीचं बगाय लागतं. ह्यास्नी कोण शानं माणूस न्हाय बग सांगाय."

यशराज स्पर्धा परीक्षांसाठी इतिहास शिकवतो. त्यानं तो निरोप तीनदा ऐकला आणि आपलं लिखाण खोडून टाकलं. पुढं पुढं अक्काचे निरोप सांगली, सोलापूर, पार नागपूरच्या ग्रुपांपर्यंत फिरायला लागले. बादशहा सिंहासनावर कसा बसतो, यावर ती जे बोलली ते तर एकानं मोबाईलची रिंगटोन म्हणून ठेवलं होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग आठवा भाग आला.

टोबेन हा सगळ्यांचा लाडका. बंडखोरांच्या तळाचं दार सांभाळणारा, कमी बोलणारा, लहान मुलांना खेळणी करून देणारा. आठव्या भागात पहाटे हाच टोबेन दार उघडतो आणि बादशहाचं सैन्य आत शिरतं. ग्रुपवर नुसता कल्लोळ. दंतवैद्यक शिकणाऱ्या भैरवीनं खोलीतलं टोबेनचं पोस्टर फाडून तुकड्यांचा फोटो टाकला. एक गृहस्थ "मालिका संपली माझ्यासाठी" असं लिहून ग्रुप सोडून गेले आणि तासाभरात परत आले. या सगळ्यावर कडी म्हणजे अक्काचा निरोप. चार मिनिटं ती न थांबता टोबेनचा उद्धार करत होती. त्याच्या सात पिढ्या झाल्या, त्याच्या दाढीचा नंबर लागला, आणि शेवटी ती ओरडली, "गंगीगत निघालास की रं शेवटाला!"

ही गंगी कोण, ते कुणालाच कळेना. रविवारी हॉलमध्ये भैरवीनं विचारलं, तेव्हा अक्कानं सांगून टाकलं.

गंगव्वा तिच्या शेजारच्या मशीनवर काम करायची. दोघी एका डब्यात जेवायच्या, एका सायकलीवरून यायच्या. बावीस वर्षांपूर्वी कांडीवाल्या बायकांनी मजुरीवाढीसाठी संप केला. अक्का पुढं होती. आठ दिवस एक बाई कामावर गेली नाही. नवव्या दिवशी सकाळी गंगव्वा मागच्या दारानं आत गेली. तिला बघून आणखी चौघी गेल्या, संध्याकाळपर्यंत दहा-बारा जणी गेल्या, आणि संप मोडला.

"दुपारी ती भाईर आली. मी दारातच हुतो. तिच्या हातातला डबा खाली पाडला आनि त्याला लाथ घातली. सगळ्यांम्होरं. त्या दिवसापासनं त्वांड बघितलं न्हाय तिचं. आता हातकणंगल्याला असती लेकाकडं."

यशराजनं सहज विचारलं, "अक्का, ती आत का गेलती?"

"का म्हंजे? फितूर झाली."

"ते झालंच. पण कारण काय हुतं?"

अक्का हळू म्हणाली. म्हणजे तिच्या मानानं हळू. "इचारलं न्हाय."

यशराजनं पुढं काही ताणलं नाही. "टोबेनचं कारण बी अजून दाखवलेलं न्हाय," एवढं म्हणून त्यानं तो प्रसंग पुन्हा लावला आणि आवाज बंद केला. पडद्यावर टोबेन दारापाशी आला, थांबला, मागं बघितलं, कडी काढली. अक्का खुर्चीच्या टोकाला येऊन बघत होती.

"ह्यो लालुचीनं न्हाय गेला," ती म्हणाली. "ह्येची मान बगा. भ्यालाय त्यो."

त्या दिवशी ती चहालाही थांबली नाही. पुढच्या शुक्रवारी नववा भाग आला, तरी ग्रुपवर तिचा निरोप आला नाही. नागपूरहून कुणीतरी "अक्का बऱ्या आहेत ना?" म्हणून विचारलं. भिंतीपलीकडं टीव्हीच लागला नव्हता.

बुधवारी सौंदर्या आमच्या दारात आली. आईला ती अव्वा म्हणते. "सर, अव्वाला हातकणंगल्याला जायचंय. बसनं जाते म्हणते, पण एकटी नको वाटतंय. तुमची गाडी मिळंल का?"

माझी गाडी जुनी, पण तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला उत्सुकता होती. वाटेत अक्का शिरोली ओलांडल्यावर एकदाच बोलली.

"मरंल काय रं त्यो टोबेन?"

"माहीत नाही, अक्का."

"मरायच्या आदी कुणीतरी इचाराय पायजे त्याला."

गंगव्वाचं घर स्टेशनच्या मागल्या अंगाला. अंगणात एक वाळकी, उंच बाई शेंगा निवडत बसली होती. अक्का फाटकाशी उभी राहिली. गंगव्वानं मान वर केली, बघितलं आणि परत शेंगांत हात घातला.

"आलीस व्हय. बस."

अक्का समोर बसली. सौंदर्या आणि मी बाजूच्या बाकड्यावर. थोडा वेळ दोघी नुसत्या शेंगाच निवडत होत्या. मग अक्कानं एकदम विचारलं, "त्या दिवशी आत का गेलतीस गं?"

गंगव्वानं घराच्या दाराकडं नजर टाकली. आत तिची सून भांडी घासत होती. तेवढ्यात मालगाडी आली. अंगण हादरायला लागलं, मला माझा श्वासही ऐकू येईना. आणि त्याच वेळी गंगव्वाचे ओठ हलायला लागले. ती बोलत होती, अक्का तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मधेच अक्काचेही ओठ हलले. लांबलचक मालगाडी गेली तसं बोलणंही संपलं. लहानपणी आईच्या पायाशी कारखान्यात बसून सौंदर्याही ती भाषा शिकली होती. काय बोलणं झालं, ते तिनं मला परतीच्या वाटेवर सांगितलं.

गंगव्वाचा नवरा प्यायचा आणि मारायचा. एरवी ती बारा तास कारखान्यात असायची. संप सुरू झाला आणि दोघं दिवसभर घरात. आठ दिवस त्यानं तिला रोज मारलं. नवव्या दिवशी ती कामावर गेली. "कारखान्यात त्याला येता येत न्हवतं," एवढंच ती म्हणाली. नवरा जाऊन आता पंधरा वर्षं झाली. लेकाला ती गोष्ट तिनं कधी सांगितली नाही, म्हणून तिनं मालगाडीची वाट बघितली.

मालगाडी गेल्यावरचं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं. अक्का लालबुंद झाली होती.

"मग मला सांगायचं न्हाईस? कुटला असता की मी त्याला!"

"म्हणूनच न्हाय सांगिटलं," गंगव्वा म्हणाली. "तू आत गेली असतीस तुरुंगात. मग संप कोण चालवणार हुतं?"

"न्हायतरी मोडलाच की त्यो."

"व्हय. माझ्यानंच मोडला. ते बी खरंच हाय."

अक्का म्हणाली, "त्याचा राग हाय मला अजून. सांगून ठेवतो."

"असू दे की."

"आनि डब्याला लाथ मारली ते चुकलं माझं. अन्नाला लाथ मारली."

गंगव्वा पहिल्यांदाच हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "रिकामा हुता त्यो, येडे! माझं जेवण झालं हुतं. लाथ वाया गेली तुझी."

यावर अक्का अशी काही हसली की सून हात न पुसताच बाहेर आली. मग चहा झाला, निघताना पोतंभर शेंगा गाडीत आल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत, हे अक्कानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

शनिवारी ग्रुपवर तिचा निरोप आला. अर्ध्या मिनिटाचा.

"टोबेनला मी शिव्या दिल्यात त्या माघारी घेत न्हाय. दार उघडलं ते वाईटच केलं. पर कशापायी उघडलं ते कळूस्तर कुणी त्याची चित्रं फाडू नगासा. भैरवे, तुला सांगतोय."

भैरवीनं पोस्टरचे तुकडे चिकटवून लावल्याचा फोटो टाकला. टोबेनचं नाक जरा वाकडं बसलं होतं.

शेवटचा भाग आम्ही सगळ्यांनी मिळून हॉलमध्ये बघितला. साम्राज्य कोसळलं, बादशहा पळाला, टाळ्या झाल्या. टोबेनचं कारणही कळलं: बादशहानं त्याला एका चंद्राचा सुभेदार करतो म्हणून सांगितलं होतं. अक्का ताडकन उभी राहिली.

"एवढंच? सुभेदारीसाठी? खोटं हाय! त्याच्या मानंवर बघा की, भ्यालेला माणूस हाय त्यो! लिवणाऱ्याला कळलेलंच न्हाय त्यानं काय लिवलंय!"

सगळा हॉल तिच्या बाजूनं. यशराजनं तिथल्या तिथं इंग्रजीत पत्र लिहून मालिकेच्या निर्मात्यांना पाठवलं, खाली आम्ही एकतीस जणांनी सह्या केल्या. उत्तर अजून आलेलं नाही. येईल असं यशराज सोडून कुणाला वाटतही नाही.

आता दर मंगळवारी अक्का सौंदर्याचा जुना मोबाईल पिशवीत घालून बसनं हातकणंगल्याला जाते. गंगव्वाला पहिल्यापासून मालिका दाखवायचं तिनं घेतलंय. एका बैठकीत अर्धाच भाग होतो, कारण दोघी मधे मधे थांबवून भांडतात. गंगव्वाला बादशहा देखणा वाटतो, यावरून एकदा तर अक्का चिडून आधीच्या बसनं परत आली होती. गेल्या मंगळवारी चौथा भाग संपला. गंगव्वाला सगळ्यांत जास्त आवडलाय तो टोबेन.

"लई गुणाचं पोरगं हाय म्हणती," अक्का मला त्यांच्या जिन्यात सांगत होती. सांगताना आवाज खाली आणायचा तिचा प्रयत्न चालला होता.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? व्हय म्हणालो."

आणि ती भाजी घेऊन वर गेली.