शहाण्या म्हशीचा खेळ

शनिवारी शाळा सकाळची असते. मुरुडहून एसटीत उभ्याने लातूरला यायचं, घरी गार झालेला वरण-भात तसाच खायचा, पंख्याखाली सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचं आणि हातात गेमचा रिमोट घ्यायचा, हा माझा गेल्या दोन वर्षांचा नेम आहे. आठवी-नववीला मराठी शिकवणारी पंचेचाळिशीची बाई व्हिडिओ गेम खेळते, हे स्टाफरूममध्ये कुणाला ठाऊक नाही. त्यांना वाटतं मी मालिका बघते. मीही तसंच वाटू देते, कारण समजावून सांगायचे कष्ट आता घ्यावेसे वाटत नाहीत.

ही सवय मला लेकीने लावली. पुण्यात गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत तिला झाडं-पानं काढायची नोकरी लागली, तेव्हा तिने घरी एक मशीन आणून टीव्हीला जोडलं. म्हणाली, "आई, आम्ही काय करतो ते बघ तरी." मी बघितलं आणि थक्क झाले. माणसाच्या दाढीचा केस न् केस वेगळा. ओला दगड ओला दिसतो, वाळला की वाळलेला दिसतो. मी तिरुपतीच्या पुढे कधी गेलेली नाही. बर्फ मी पाहिला तो खेळातच. एका डोंगरावर नुसती उभी राहिले होते, खाली पांढरं पांढरं पसरलेलं, आणि मला खरंच भरून आलं होतं. म्हणून चित्रांना नावं ठेवणाऱ्यातली मी नाही.

पण दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात यायला लागलं की त्या डोंगरावर मला काही काम नाही. कुठे जायचं ते बाण दाखवतो. बाण दाखवेल तिथे गेलं की एक माणूस पाच मिनिटं बोलतो, त्याला थांबवता येत नाही. मग तो म्हणतो, पलीकडच्या गावातून अमुक घेऊन ये. म्हणजे शिपाईगिरीच. दरीत पडलं तरी क्षणात पुन्हा काठावर उभं करतात, जसं काही झालंच नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस. अहो, हजेरी तर मी शाळेत पण लावते. एखाद्या शनिवारी बसावं तर मशीन म्हणतं अपडेट होतंय, आणि ते होईपर्यंत माझा डोळा लागलेला असतो. बडा घर पोकळ वासा, असं मी एकदा लेकीला फोनवर म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, "हाव, पण वासे माझे हायत ना त्यातले."

मला खेळातलं कळतं, असा माझा दावा आहे आणि त्याला आधार आहे. मी चौथीत असताना आमच्या नांदेडच्या घरी काकांनी हैदराबादहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. कॅसेट फुंकून घालायची. आतला माणूस म्हणजे चार-सहा ठिपके, पण तो खड्ड्यात पडला की काळजात धस्स व्हायचं. दोन रिमोट होते. एक भावाकडे आणि एक माझ्याकडे. भाऊ आठवीत होता. उन्हाळ्याची अर्धी सुट्टी मी जीव तोडून बटणं दाबली, उड्या मारल्या, वाकडी-तिकडी झाले. मग एके दिवशी कपाटामागे गेलेली गोटी काढायला वाकले तर माझ्या रिमोटची वायर तिथे मोकळीच पडलेली दिसली. भावाने ती कधी जोडलीच नव्हती.

मी रडत आईकडे गेले. आई भाजी निवडत होती. भाऊ म्हणाला, "ती लहान हाय, तिला जमत न्हाई, म्हणून तिला कच्चा लिंबू केलं." आईला ते पटलंही. लपाछपीत, डबा ऐसपैसमध्ये प्रत्येक गल्लीत एक कच्चा लिंबू असतोच. तो पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याला कुणी आउट करत नाही. सगळे त्याच्याशी गोड वागतात. मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा हरल्यावर कधीच आला नव्हता. आणि आजचे हे भले मोठे खेळ मला नकोसे होतात ते नेमके याच कारणाने. एवढं सुंदर जग उभं करतात आणि आत गेल्यावर मला कच्चा लिंबू करून ठेवतात. ही वायरची गोष्ट मी लेकीला लहानपणापासून शंभर वेळा सांगितली असेल.

गेल्या वर्षी लेकीने नोकरी सोडली. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून स्वतःचा खेळ करणार होत्या. तिच्या बाबांनी चार दिवस अबोला धरला. शेवटी ठरलं की पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत बघायचं, नाही जमलं तर निमूटपणे परत कुठेतरी नोकरी धरायची. ती लातूरला आली आणि तिच्या जुन्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली. मधून मधून बाहेर येऊन मला काहीबाही विचारायची. केळीची पानं वाऱ्याने फाटतात ती शिरेपर्यंत फाटतात की अलीकडेच थांबतात? बागेत खाली कसा उजेड असतो? पाटात काय काय वाहत यायचं? अर्धापूरला माझ्या मामाची केळीची बाग होती, माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. आता तिथे मंगल कार्यालय आहे. मी पोळ्या लाटता लाटता सांगायची. मला वाटायचं, पोरगी कंटाळली की गप्पा मारायला येते.

श्रावणात एका शनिवारी तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "खेळ झालाय. पूर्ण खेळ आणि खरं सांग. तुझ्याएवढं खरं कुणी सांगणार न्हाई." आणि मैत्रिणींशी फोनवर बोलायचं म्हणून ती बाहेर गेली.

खेळ असा होता. एक बाई आहे. तिची म्हैस केळीच्या बागेत शिरलीय. तिला शोधायचं आणि दिवस मावळायच्या आत बागेतून, पाट ओलांडून घरी न्यायचं. मी बटण दाबलं आणि समोर मामाची बाग उभी राहिली. तशीच. खालचा तो हिरवा-पिवळा उजेड, वाळून खोडाला चिकटलेली पानं, पाटाच्या कडेचा चिखल. मी "अगं बाई" असं मोठ्याने म्हणाले, घरात कुणी नसताना. खूप वेळ नुसती फिरले. मग म्हैस सापडली. तिच्या अंगावरचे विरळ राठ केससुद्धा काढले होते. मी तिच्याजवळ गेले, बटण दाबलं आणि ती माझ्यामागे चालायला लागली. मी वळले की ती वळायची. मी थांबले की थांबायची. पुढे एक बाण होता. आणि मग, सांगायला लाज वाटते, मला झोप लागली. सकाळी साडेपाचला उठलेली, चार तास बोर्डावर आणि तास-दीड तास एसटीत. जाग आली ती लेकीच्या चपलांच्या आवाजाने. मी लॅपटॉप मिटला.

"कसा झालाय?"

"लई भारी झालाय गं," मी म्हणाले.

"शेवटपर्यंत गेलीस?"

"गेले की. म्हैस घरी बांधूनच उठले."

का म्हणाले मी असं? आपला तो बाब्या म्हणतात ते खोटं नाही. तिच्या डोळ्याखाली काळं झालं होतं. वर्षभर ती त्या खुर्चीत बसली होती. आणि खरं सांगायला बसलं की पुढे तासभर बोलावं लागतं, तेवढंही त्राण माझ्यात नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं. थकलेल्या माणसाला सोपं ते बरोबर वाटतं.

ती तशीच आत गेली. मी चहा टाकला, दोन कप घेऊन तिच्या खोलीत गेले, तर ती लॅपटॉपवर कसली तरी यादी बघत होती. मला काय माहीत, खेळ स्वतःच सगळं टिपून ठेवतो म्हणून. कोण कुठे गेलं, कुठे थांबलं, किती वेळ.

"आई, ती बाई बागेत एकाच जागी पन्नास मिनिटं उभी हाय."

मी कप टेबलावर ठेवले. शाळेत मी कॉपी पकडते तेव्हा पोरं कसं तोंड करतात, ते मला आतून कळलं.

"झोपलीस ना?"

"डोळा लागला गं. दमले होते."

"झोपलीस त्याचं काही न्हाई. पण शेवटपर्यंत गेले म्हणलीस." तिचा आवाज चढला नव्हता. "तू मला कच्चा लिंबू केलंस, आई. माझी वायर काढून ठेवली तू."

तिने माझ्यापुढे अनेकदा आदळआपट केलेली आहे, दारं आपटलेली आहेत. ते काही लागत नाही. हे लागलं. मी तिथेच पलंगावर बसले आणि बोलायला लागले. एकदा सुरुवात झाली तर थांबता येईना. म्हणाले, तुझी म्हैस शहाणी आहे. म्हैस अशी मागे येते का कधी? मामाची म्हैस पाटात बसली की संध्याकाळपर्यंत उठायची नाही. तिला काठी दाखवली तर उलटी वळायची. पेंडीचं घमेलं वाजवलं की यायची, पण एकदाच, दुसऱ्या वेळी घमेलं रिकामं आहे हे तिला कळलेलं असायचं. तुझ्या म्हशीच्या अंगावर केस आहेत, पण अंगात खोड नाही. मला तिथे काही करायचंच नव्हतं. बाग मी जन्मभर बघत बसेन, पण खेळणार नाही.

"एवढं सगळं माहीत हाय, तर आधी कामून सांगितलं न्हाई?"

"तू पानांचंच विचारायचीस. म्हशीचं कुठं विचारलंस?"

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. पाठ करून बसली आणि मला म्हणाली, दार ओढून घे. रात्री जेवायलाही आली नाही. तिच्या बाबांनी विचारलं, काय झालं, मी म्हणाले, काही नाही, तिचा पेपर तपासला. खरं तर त्या आठवड्यात मला दर तासाला वाटायचं, बोलले नसते तर बरं झालं असतं. दिवाळी काही लांब नव्हती. तिने सोडून दिलं असतं तर ते माझ्या तोंडामुळे, आणि तो विचार घेऊन मी वर्गात वृत्तं शिकवत होते.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी तिने मला परत हाक मारली. या वेळी ती उठून गेली नाही, शेजारी बसून राहिली. तिने लॅपटॉपला रिमोट जोडून माझ्या हातात दिला आणि खेळ सुरू झाला. पाहते तर मोकळं रान. काळी जमीन, एक बांध, मधे एक डबकं, लांबवर एक झाड. सगळं साधं, शाळेतल्या मुलांनी खडूने काढावं तसं. म्हैस मात्र तीच, आणि ती ऐकत नव्हती. मी डावीकडून गेले, ती उजवीकडून निसटली. घमेलं वाजवलं, आली, दुसऱ्यांदा आली नाही. दिवस मावळला, मी हरले. पुन्हा हरले. तिसऱ्यांदा बांधापर्यंत आणली आणि ती वळून सरळ डबक्यात जाऊन बसली. मी तिला आईवरून शिवी दिली. माझ्या तोंडून अशी शिवी लेकीने पहिल्यांदा ऐकली. गॅसवर दूध उतू गेलं, त्याचा वास आला, तरी मी उठले नाही.

मग हरता हरता मला एकदम जाणवलं.

"बाग कुठाय गं?"

"काढून टाकली." ती पडद्याकडेच बघत होती. "तेवढी पानं काढता काढताच मशीन दमतं, आई. मग म्हशीच्या खोड्यांना जागाच उरत न्हाई. साध्या मोबाइलवर तर चालतच न्हाई. लई करून बघितलं. एक काहीतरी ठेवायचं होतं."

ती बाग अर्धापूरला आता नाही. माझ्या डोक्यात होती तशी तिने पहिल्यांदा बाहेर काढली होती, आणि मी त्या बागेत पन्नास मिनिटं झोपून राहिले होते.

"बरं केलंस," मी म्हणाले.

"खरं?"

मी तिच्याकडे बघितलं. पुन्हा सोपं बोलावं असं वाटलं, त्याच थकव्याने.

"खेळासाठी बरं केलंस. मला वाईट वाटलं."

"मला पण," ती म्हणाली. "ती तुझ्यासाठीच केली होती."

पडद्यावर म्हैस अजून डबक्यात होती आणि दिवस कलायला लागला होता. मी डोळे पुसले आणि रिमोट परत हातात घेतला.