पॉन्टियाकचे आधीचे मालक

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या मराठी मंडळींत हेमचंद्र पानसे सरळमार्गी माणूस म्हणून ओळखला जाई. नऊ वर्षं एकच कंपनी, एकच फ्लॅट, शनिवारी बाजार, रविवारी सायकलवरून फेरफटका. गणपतीत खुर्च्या मांडायला सगळ्यांत आधी हजर आणि उचलून ठेवायला सगळ्यांत शेवटपर्यंत थांबणारा. अशा माणसानं २००६च्या एप्रिलात, बायकोला अवाक्षर न सांगता, दोन दारांची, लांबलचक, पांढरीफेक अमेरिकन गाडी आणून इमारतीखाली उभी केली, तेव्हा ओळखीपाळखीच्यांना हसावं की हळहळावं ते कळेना.

गाडी होती १९६८ सालची पॉन्टियाक जीटीओ. या जातीच्या गाड्यांना मसल कार म्हणतात. मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन कोंबायचं आणि सरळ रस्त्यावर उधळायचं, एवढाच त्यामागचा विचार. वळणावर ती रुसते आणि पेट्रोल तर घटाघटा पिते. मधल्या कुणीतरी काटकसरी डच मालकानं डिकीत गॅसची टाकी बसवून घेतली होती. त्यामुळे तिचं खाणं आवाक्यात आलं होतं, पण सामान ठेवायला जागा उरली नव्हती. हेमचंद्रानं कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकातल्या रद्दीत एका इंग्रजी मासिकात तिचा फोटो पाहिला होता. तेव्हापासून ती मनात होती. पंचवीस वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, आणि न सांगणं हाच त्याचा सगळ्यांत मोठा दोष होता.

मीनलनं गॅलरीतून खाली पाहिलं.

"कुणाची रे ही?"

"आपली," हेमचंद्र म्हणाला.

ती आत गेली आणि तिनं कुकर लावला.

मीनल पुण्यात फिजिक्स शिकवत होती. विद्यार्थ्यांची लाडकी, जरा फटकळ. हेमचंद्राला नोकरी मिळाली तेव्हा "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे" असं ठरलं होतं, आणि कॉलेजनं तिला बिनपगारी रजा दिली होती. ती रजा संपली, मग जागाही गेली. मुलगी संहिता इथल्या शाळेत रुळली. आई मराठीत विचारायची, लेक डचमध्ये उत्तर द्यायची. कर्वेनगरात मीनलची आई एकटी होती. दरवर्षी मीनल विषय काढायची आणि दरवर्षी हेमचंद्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचा. आता ही असली गाडी काही पुण्याला नेता येत नाही. ती घेणाऱ्याचा मुक्काम कुठे आहे ते गाडीनंच सांगून टाकलं होतं, तेही चौथ्या मजल्यावरच्या काचा थरथरतील एवढ्या आवाजात.

हे सगळं मीनलला बोलता आलं असतं. पण रात्री ताटावर ती बोलली ते भलतंच.

"चाळीस वर्षांची जुनी गाडी. कुणाकुणाच्या हाताखालून गेलेली. कुणी मेलं-बिलं असेल तिच्यात तर? मी नाही बाई बसणार."

हा रुसवा आहे, हे कुठल्याही नवऱ्याला कळलं असतं. पण हेमचंद्राचा जन्म सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलेला. त्याला यात रुसवा दिसलाच नाही, रिक्वायरमेंट दिसली.

"म्हणजे आधीचे सगळे ओनर्स ट्रेस करायचे आणि तिच्यात कुणीही मेलेलं नाही हे कन्फर्म करायचं. मग बसशील?"

एवढ्या हुशार माणसाला एवढं साधं कळू नये, याचं मीनलला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"कर," ती म्हणाली.

तो कामाला लागला. इथं नंबरप्लेट मालकाबरोबर जात नाही, जन्मभर गाडीलाच चिकटून राहते. त्यामुळे आपलं काम चुटकीसरशी होईल असं त्याला वाटलं होतं. पण सरकारी खात्यानं फोनवर मालक किती झाले तेवढं सांगितलं आणि नावं मात्र खासगी बाब म्हणून सांगायला साफ नकार दिला. आता एकेका मालकाला विचारत मागं मागं जायचं. हेमचंद्राला उलट चेवच चढला.

ज्याच्याकडून गाडी घेतली तो विम झूटरमेरला गॅरेज चालवायचा. त्यानं ती डेल्फ्टच्या केस नावाच्या माणसाकडून घेतली होती. हा केस लग्नात नवरानवरीला मिरवायला गाड्या भाड्यानं द्यायचा. पॉन्टियाक मुळात गडद हिरवी होती, नवरीच्या पोशाखाला शोभावी म्हणून यानंच ती पांढरी करून घेतली. वीस वर्षं तिनं नवऱ्या वाहिल्या.

ही बातमी हेमचंद्रानं घरी आल्याआल्या बुटांसकट स्वयंपाकघरात जाऊन सांगितली.

"लग्नाची गाडी, मीनल! याच्याहून शुभ काय पाहिजे?"

मीनलच्या हातातलं लाटणं थांबलं. क्षणभर तीही खूश झाल्यासारखी वाटली.

"आणि त्याच्या आधी?" तिनं विचारलं, आणि पोळी तव्यावर टाकली.

त्याच्या आधी फेल्डहोवन होतं. चिप बनवायच्या यंत्रांमुळे ते गाव आता आपल्या इंजिनियरांनी भरून गेलंय, पण केसनं तिथून गाडी आणली तेव्हा ते दक्षिणेकडच्या ब्राबांट प्रांतातलं साधं गाव होतं. कुणा फर्हाखन आडनावाच्या बाईंनी ती विकली होती. केसला व्यवहार नीट आठवत होता, कारण त्या बाईंनी घासाघीस केली नाही आणि आजच्या आज घेऊन जा म्हणून बजावलं. कारण त्यानं विचारलं नव्हतं. इथं कुणी विचारत नाही.

बाई अजून त्याच घरात राहत होत्या. हेमचंद्रानं फोन केला. पलीकडून डायरी उघडल्याचा आवाज आला आणि त्या दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी सकाळी साडेदहाला कॉफीला या म्हणाल्या.

"दोन आठवडे!" मीनल म्हणाली. "कॉफी प्यायला?"

"आणि गाडी घरासमोर लावू नका म्हणाल्या. चर्चच्या मागे लावा, म्हणे."

हे ऐकून मीनल सावध झाली. "मीपण येणार. तू एकटा गेलास तर तुला हवं तेच ऐकून येशील."

"चल ना मग. गाडीनंच जाऊ."

"मी ट्रेननं येईन. पुढे बस आहे."

आणि खरोखर तसंच झालं. एकाच घरातली दोन माणसं एकाच वेळी, एकाच पत्त्यावर जायला निघाली. तो खाली जाऊन त्या धुडात एकटा बसला आणि ती पर्स सावरत स्टेशनकडे गेली. मीनलला त्या प्रवासाचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर या देशात कसं वावरायचं ते नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त येत होतं. नगरपालिकेचा डचचा वर्ग तिनं पहिल्याच वर्षी पुरा केला होता. बसवाले, भाजीवाले, डॉक्टरांकडची रिसेप्शनिस्ट, सगळ्यांशी ती त्यांच्याच भाषेत हुज्जत घालायची. हेमचंद्र मात्र ऑफिसात इंग्रजीवर निभावून न्यायचा आणि घरी येऊन म्हणायचा, मला इथं किती आपलं वाटतं!

तोस फर्हाखन पंचाहत्तरीच्या असतील. ताठ, नीटनेटक्या, केस नुकतेच सेट केलेले. इथं पाहुण्याला एक बिस्किट देऊन डबा बंद करतात असं हेमचंद्रानं ऑफिसात शंभरदा ऐकलं होतं. तोसबाईंनी डबा उघडाच ठेवला आणि तो दोनदा पुढे सरकवला. आपण ब्राबांटचे आहोत, म्हणाल्या, वर उत्तरेतल्या लोकांसारखे नाही. मीनल हसली आणि तिनं दुसरं बिस्किट घेतलं.

हेमचंद्रानं मोडक्यातोडक्या डचमध्ये मुद्द्याला हात घातला. गाडी कुठून आली, कधी आली, कुणी चालवली. तोसबाई सांगत गेल्या. त्यांचे यजमान हारी हे पोस्टात होते. १९७१ साली त्यांनी जर्मनीत जाऊन एका अमेरिकन सैनिकाकडून ती विकत घेतली. सैनिक मायदेशी परतत होता आणि गाडी नेणं त्याला झेपणारं नव्हतं. पहिला मालक सापडला म्हणून हेमचंद्राचा चेहरा उजळला. आता फक्त एक प्रश्न उरला होता, आणि तो कसा विचारावा ते त्याला सुचेना.

तेवढ्यात तोसबाईच मीनलकडे वळल्या. "आणि तुम्हाला कशी वाटते हो ती?"

"मला माहीत नाही," मीनल म्हणाली. "मी बसनं आले."

तोसबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग हेमचंद्राकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"मीसुद्धा बसनंच जायचे," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षं."

हारींनी गाडी आणली ती न विचारता. घरात तेव्हा धुण्याचं यंत्रसुद्धा नव्हतं. तोसबाई भडकल्या आणि तिच्यात पाऊल ठेवणार नाही म्हणाल्या. बोलून गेल्या खऱ्या. रविवारी चर्चहून आलं की हारी गाडी काढायचे आणि तासभर एकटेच फिरून यायचे. बहिणीकडे जायचं तर त्या बसनं जायच्या आणि हे गाडीनं, आणि दारात दोघं एकदमच पोचायचे. गावात लोक हसायचे. १९८४ च्या एका रविवारी गाडी घरासमोर सुरू होती आणि हारी काही निघेनात. शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून त्या ओरडायला बाहेर गेल्या. हारी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. गेलेले होते.

संपलं सगळं, हेमचंद्राला वाटलं. आणि तरीही, सवयीनं, तो मराठीत पुटपुटला, "पण टेक्निकली तो हार्ट अटॅक होता. गाडीचा त्यात काही..."

"हेम, गप्प बस," मीनल म्हणाली.

"इंजिन चालूच होतं," तोसबाई सांगत होत्या. आवाज चढला नव्हता की थरथरत नव्हता. "मला ते बंद करता येईना. बंद कशी करतात तेच मला ठाऊक नव्हतं. मी कधी आत बसलेच नव्हते ना. त्याच्या शेजारी बसून मी इकडची तिकडची बटणं दाबत राहिले. शेजारचा माणूस येईपर्यंत ती तशीच घरघरत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यात बसले."

मीनलनं त्यांच्या हातावर हात ठेवला. इथं असं कुणी करत नाही. तोसबाईंनी हात काढून घेतला नाही.

"त्यानं मला एकदाही 'येतेस का' म्हणून विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला वाटायचं, ही कुठली येते! आणि मला वाटायचं, याला मी नकोच आहे. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं बहुतेक. पण विचारायचं तरी."

हेमचंद्रानं हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. त्यानं मालक शोधले, तारखा जुळवल्या, तीन गावं पालथी घातली. या सगळ्या खटाटोपात, गाडी घेताना, नोकरी वाढवून घेताना, संहितेला इथल्या शाळेत घालताना, समोर बसलेल्या मीनलला त्यानं काही विचारलं होतं का? सांगितलं होतं, बऱ्याचदा तेही नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

निरोप घेताना तोसबाईंनी मीनलच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि ब्राबांटी पद्धतीनं तिसऱ्यांदाही लावले. गाडी बघायला त्या आल्या नाहीत. दार बंद झालं.

दोघं फुटपाथवरून चालू लागली. बसचा थांबा आधी लागत होता, चर्च त्यापुढे. थांब्यापाशी मीनल थांबली. पर्सची चेन उघडून पास शोधू लागली.

"मीनल," हेमचंद्र म्हणाला. "तुला... आपण इथं राहायचं का गं?"

तिनं वर पाहिलं.

"काय?"

"म्हणजे मी कधी विचारलंच नाही. नऊ वर्षांत. तुला राहायचंय का इथं?"

सायकलींच्या वाटेवरून एक बाई मागे मुलाला बसवून गेली. लांबून बस येताना दिसली.

"नाही," मीनल म्हणाली. "मला नाही राहायचं, हेम. मला आईजवळ जायचंय. मला परत शिकवायचंय. संहितेची ही दोन वर्षं होऊ देत, दहावी-बारावी जे काय असतं इथलं, मग मला जायचंय."

"बरं," हेमचंद्र म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे जाऊ."

"आणि तुझी ती?"

"विकू. केस घेईल, नाहीतर विम. मालक तर बदलतच आलेत तिचे." हे म्हणताना त्याच्या आत काहीतरी तुटलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. डोळे भरून आले होते, ते तसेच राहू दिले. पंचवीस वर्षांचं प्रेम होतं ते, दोन महिनेच घरी नांदलं.

मीनलनं ते पाहिलं. लग्नानंतर त्याला रडताना तिनं एकदाच पाहिलं होतं, संहिता झाली तेव्हा.

बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं. मीनलनं मान हलवून त्याला नाही म्हटलं आणि पर्स बंद केली.

"दोन वर्षं आहेत अजून," ती म्हणाली आणि चर्चच्या दिशेनं चालू लागली.

पॉन्टियाकचं दार तिला वाटलं होतं त्याहून फार जड निघालं. दोन्ही हातांनी ओढावं लागलं. हेमचंद्र मदतीला धावला नाही, पलीकडून येऊन आपल्या जागी बसला. ती आत बसली, जरा सरकली, दार ओढून घेतलं. त्यानं किल्ली लावली.

"थांब," मीनल म्हणाली. "बंद कशी करतात, ते आधी दाखव मला."