बोट, दारूकाम आणि मैत्रिणीचा नवरा

नाशिकच्या माणसाला समुद्राचं काही कळत नाही. मलाही कळत नव्हतं. गोदावरीला पूर आला की माणसं पलीकडे नेतात ती होडी, एवढंच मी पाहिलेलं.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. विलायतेच्या राजाला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली, म्हणून मुंबईच्या बंदरावर शोभेचं दारूकाम होणार होतं. गिरगावातल्या मामीने मला पत्र लिहून बोलावलं. वैशाखात लेकी माहेरी येतात, तशी मी आले होते आणि गल्लीतल्या दोन मैत्रिणीही आल्या होत्या. एक निफाडला दिलेली, तोंडाने फटकळ. दुसरी नदीपलीकडे पंचवटीतच दिलेली, कमी बोलणारी. दोघी म्हणाल्या, आम्हीही येतो. माझ्या वडिलांनी नाशिकरोडला गाडीत बसवून दिलं. मामा बोरीबंदरला घ्यायला येणार होते.

कसारा घाट उतरेपर्यंत पंचवटीची गप्प होती. मग तिने सांगितलं की तिला दारूकामाचं काही नाही. तिचा नवरा शिकायला विलायतेला गेला होता आणि दारूकामाच्या दिवशीच सकाळी त्याची बोट लागणार होती. तीन वर्षांसाठी गेलेला माणूस चार वर्षांनी येत होता. पत्रं यायची ती सासऱ्यांच्या नावाने, हिला कोणी वाचून दाखवत नसे. पंचवटीत मात्र बोलणं होतं की तो मडम घेऊन येणार. सासऱ्यांचा निरोप एवढाच होता की दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडावर त्याचं प्रायश्चित्त आहे, तेव्हा हिला पाठवा. समुद्र ओलांडलेल्या माणसाला त्याआधी शिवायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत.

"मडम आहे का ते मला आधी बघायचंय," ती म्हणाली.

मी विचारलं, नवऱ्याला ओळखशील ना? दहाव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी नवरा परदेशी. मान वर करून त्याच्याकडे बघायची सोय तिला कधी मिळालीच नव्हती. वाढताना दिसायचे ते पाय. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, पायावरून नक्की ओळखेन, म्हणाली.

"मग बोटीतून उतरणाऱ्या एकेकाला बूट काढायला लावायचे का?" निफाडची म्हणाली. "लय वेळ लागंल गं."

बोटीतले लोक बूट घालून उतरतात हे तोवर आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मामा गोदीत कारकून होते म्हणून आम्हाला धक्क्यावरच्या कठड्यापर्यंत जाता आलं. मामी बरोबर होती. बोट आमच्या गल्लीपेक्षा लांबलचक होती आणि आमच्या कोणाच्याही घराहून उंच. एवढं लोखंड पाण्यावर कसं राहतं, हे मी मामीला विचारलं. ती म्हणाली, राहतं.

जिना लागला आणि लोक उतरू लागले. आम्ही तिघी खाली मान घालून बूट बघत होतो. काळे, तपकिरी, पांढरे. मग काळ्या बुटांशेजारी उंच टाचांचे बूट आले. मान वर केली तर एक आपल्यातला तरुण, डोक्याला हॅट आणि दंडाला धरून गोरी बाई.

"हेच," पंचवटीची म्हणाली.

निफाडचीने विचारलं, कशावरून? पंचवटीची कठडा धरून खाली बसली. रडली नाही.

तेवढ्यात मला तिचे सासरे दिसले. पगडी, उपरणं, हातात हार. आम्ही सगळा वेळ पाय बघत होतो म्हणून ते दिसले नव्हते. हॅटवाला त्यांच्यासमोरून निघून गेला आणि त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मी तिला उठवलं आणि म्हटलं, सासऱ्यांकडे बघ.

बऱ्याच वेळाने एक किडकिडीत, मिशीवाला माणूस उतरला आणि त्यांच्या पायाशी वाकला. सासरे दोन पावलं मागे सरकले आणि हार लांबूनच त्याच्या गळ्यात टाकला. तो अर्धा कानावर अडकला.

ती त्याच्याकडे फार वेळ बघत नव्हती. त्याच्या मागे बघत होती. जिना उचलेपर्यंत ती जागची हलली नाही.

मामी म्हणाली, दुपारच्या गाडीने निघा, नवरा घरी पोचायच्या आत तू घरी हवीस. मामीचं बरोबर होतं.

"दारूकाम बघून जाऊ," ती म्हणाली.

"अगं, नवरा आलाय तुझा."

"चार वर्षांनी आलेत. उद्यापर्यंत कुठे जातायत?"

संध्याकाळी अपोलो बंदरावर मुंगीला जागा नव्हती. समुद्रात उभ्या बोटींवर दिवे लावले होते. बाण वर जायचे, फुटायचे, पाण्यात विझायचे. गर्दीत मामी म्हणाली, दागिने सांभाळा. पंचवटीचीने कमरेची पुरचुंडी चाचपली. लग्नातले सगळे दागिने तिने बांधून आणले होते. मडम उतरली असती तर ती नाशिकला परत जाणार नव्हती. मी विचारलं, कुठे गेली असतीस? म्हणाली, ते ठरवलं नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी सासरी पोचली. प्रायश्चित्त आटोपलं होतं. नवऱ्याला गाडीत वेगळ्या डब्यात बसवून आणलं होतं, असं नंतर कळलं. रामकुंडावर त्याचं डोकं भादरून मिशी काढली होती, त्यामुळे धक्क्यावर पाहिलेला चेहराही गेला होता. सासऱ्यांनी ओसरीवरच विचारलं, सकाळी कुठे होतीस? तिने खरं ते सांगितलं, दारूकाम बघायला मुंबईला गेले होते. सासूने कपाळाला हात लावला.

आतून नवऱ्याने विचारलं, "कसं होतं?"

चार वर्षांत तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. ती म्हणाली, "बरं होतं," आणि हातपाय धुवायला मागे गेली.