टचिंग फुकट

खरं सांगा, फोटोत चेहऱ्यावरचा डाग कुणी काढून दिला तर तुम्हाला राग येतो का? नाही ना? म्हणूनच मास्तरचं दुकान चालतं.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडावरचा फोटोवाला. मागे निळा पडदा, समोर फिरतं स्टूल आणि दारावर स्वतः रंगवलेली पाटी: 'टचिंग फुकट'. ओळखपत्रासाठी बसलेल्या माणसाचे फोड, व्रण, डोळ्यांखालचं काळं तो न विचारता पुसायचा. ऐट अशी, जणू देवाच्या चुका सुधारायचं कंत्राटच घेतलंय!

शिवणकाम करणाऱ्या मावशींची मुलगी कामावरून परतताना ट्रकखाली गेली. फोन, ओळखपत्र, सगळं तिच्याबरोबरच चिरडलं. घरात तिचा एक सरळ फोटो नाही. डावा गाल भाजलेला, म्हणून फोटो काढताना कायम तोंड फिरवायची. सरळ बसली ती एकदाच, कारखान्याच्या ओळखपत्रासाठी, मास्तरच्या स्टुलावर.

मी मावशींना घेऊन दुकानात गेलो. मास्तरने बुटांचं खोकं काढलं. आत रबर लावलेल्या जुन्या हार्ड डिस्क. पहिली नुसतीच टकटक करत राहिली. दुसरीत लग्नंच लग्नं.

"नावाने शोध की!" मी वैतागलो.

"नावं टाकतंय कोण? आठवड्याला एक फोल्डर, आत नंबर."

"म्हणजे गवतात सुई."

"गवत तरी एका जागी असतं, भाऊ."

एकेक फोल्डर उघडायचं, चेहरे सरकवायचे. मावशी स्क्रीनला नाक लावून बसलेल्या. मध्येच म्हणाल्या, "अगंबाई, हा आपला दूधवाला! किती गोरा केलाय मेल्याला!" तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसल्या त्या.

तळाच्या डिस्कमध्ये ती सापडली. सरळ बघणारी. मी मास्तरच्या पाठीवर थाप मारली. मावशींनी मात्र स्क्रीनवरच्या गालावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ही माझी नाही."

"मावशी, तीच आहे. कुडता बघा ना."

"कुडता तिचा. गाल नाही. लहानपणी माझ्याच हातून कढत पाणी सांडलं होतं. रोज तेल लावायचे मी तिथं. कुठंय ते?"

मास्तरची मान खाली. टचिंग झालं की तो त्याच फाइलवर सेव्ह करायचा. जागा वाचते, आणि डाग कशाला साठवायचे? मूळ फोटो कुठेच नव्हता.

माझं डोकं फिरलं. "अरे, तुला कुणी सांगितलं होतं रे शहाणपणा करायला?"

"ओरडू नका त्याच्यावर," मावशी म्हणाल्या. "तिला आवडला असणार तो. मला लागेल म्हणून तर ओळखपत्र कधी मला दाखवलं नाही तिनं."

यावर मास्तर ढसाढसा रडला. प्रिंट काढू का, एवढंही त्याला विचारवेना. मावशी हात हलवत निघून गेल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक नसलं की तो त्या डिस्क लावतो, दुसऱ्यांच्या फोटोंत मागे ती कुठे उभी आहे का, ते शोधतो. अजून सापडलेली नाही.

तेव्हा एवढं करा. कारखान्याच्या गेटवर, बसच्या रांगेत, मैत्रिणींच्या घोळक्यात काढलेले तुमचे फोटो उघडा. डावा गाल भाजलेली मुलगी दिसते का बघा. अर्धी चालेल, हललेली चालेल. दिसली तर मावशींना आणून द्या, आणि कृपा करून त्या फोटोला हात लावू नका.