खळ्यावरच्या टाचा

शेणाने सारवल्याचा वास आला की मला आमगावाकडचं आमचं खळं दिसतं. दादा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात बाईचं काम करायचा, तेव्हा अख्खं गाव शिट्ट्या मारायचं. त्या दिवशी मात्र धोतरावर आईचं लुगडं पांघरून, गोंदियातल्या गोऱ्या मडमेने टाकून दिलेले उंच टाचांचे बूट घालून तो बाजारातून मार खाऊन आला.

बाबा ओरडले, "दंडारीत नाच ना! बाजारात कायले?"

"मले असंच बरं वाटते, बाबा."

"मग या घरात राहू नको."

दादा नुकत्याच सारवलेल्या ओल्या खळ्यावरून तसाच निघून गेला. खळं बिघडलं म्हणून मी रडले. धान यायचं होतं, म्हणून आईने त्याच्या टाचांचे खड्डे लगेच सारवून टाकले. तो परत येणार नाही, हे तिला कुठे माहीत होतं?